जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास': वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि थोडी वादावादी)

हा अल्बम नक्की आहे काय, आधी तेवढं सांगा.

नोव्हेंबर १९७० मध्ये आलेला, बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचा तीन एलपींचा सेट. बीटल्स फुटल्याची बातमी एप्रिल १९७० मध्ये आली आणि ते वर्ष संपायच्या आत हा बाजारात. पहिल्या दोन रेकॉर्डवर १८ गाणी, तिसरीवर जॅमिंगचे ५ तुकडे, सगळं मिळून पावणेदोन तासांच्या आसपास. प्रोड्यूसर म्हणून नावं दोन, स्वतः हॅरिसन आणि फिल स्पेक्टर. अमेरिकेत सात आठवडे नंबर वन, ब्रिटनमध्येही नंबर वन, पण तिथली गोष्ट जरा गमतीची आहे ती खाली येते.

हा त्याचा पहिला सोलो अल्बम ना?

नाही, सगळे असंच म्हणतात पण नाही. त्याआधी दोन झालेले. १९६८ चा 'वंडरवॉल म्युझिक', जो एका सिनेमाचं संगीत होता, आणि १९६९ चा 'इलेक्ट्रॉनिक साउंड', ज्यात तो मूग सिंथेसायझरशी खेळत बसलाय आणि मी एकदा ऐकला, परत लावायची इच्छा झाली नाही. 'वंडरवॉल'चा मात्र आपल्याशी थेट संबंध आहे, कारण त्यातला बराच भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, संतूरवर शिवकुमार शर्मा होते, आणि स्टुडिओ नीट साउंडप्रूफ नव्हता म्हणून खालच्या रस्त्यावरचा ट्रॅफिक वाढला की काम थांबवावं लागायचं. त्याच मुक्कामात बीटल्सच्या 'द इनर लाइट'चा ट्रॅक पण झाला, त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. ते दोन्ही सोलो अल्बम गाण्यांचे नव्हते, म्हणून गाण्यांचा पहिला अल्बम हाच असं म्हणा, मग कोणी भांडणार नाही.

एकदम इतकी गाणी आली कुठून? बीटल्समध्ये तर अल्बममागे एकदोनच असायची त्याची.

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे की! बँडची बहुतेक गाणी लिहिणाऱ्या लेनन-मॅकार्टनी जोडीसमोर याच्या वाट्याला अल्बममागे एक, दोन, कधी तीन गाणी यायची, व्हाइट अल्बममध्ये चार एलपी बाजूंना मिळून चार. लिहिणं मात्र थांबलं नव्हतं. 'इजन्ट इट अ पिटी' आणि 'आर्ट ऑफ डाइंग' ही दोन्ही १९६६ च्या सुमाराची. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणं जानेवारी १९६९ च्या बीटल्सच्या 'गेट बॅक' सेशन्समध्ये त्याने सगळ्यांसमोर ठेवलं, कितीतरी वेळा वाजवून झालं आणि बाजूला पडलं, 'लेट इट डाउन' आणि 'हिअर मी लॉर्ड'चंही तेच. पीटर जॅक्सनची २०२१ ची डॉक्युमेंटरी सिरीज बघितली असेल तर त्यात तो लेननला सांगतो ना, की माझ्याकडे इतकी गाणी साठलीत की आत्ताच्या कोट्याने पुढची दहा वर्षं पुरतील, म्हणून एक अल्बम स्वतःचा करावा म्हणतोय. तोच हा अल्बम.

त्याच महिन्यात, १० जानेवारीला, तो वैतागून बँड सोडून घरी गेला आणि त्याच दिवशी 'वा-वा' लिहिलं. नाव गिटारच्या पेडलचं, पण विषय डोकेदुखीचा, कोणामुळे होणारी ते वेगळं सांगायला नको. 'रन ऑफ द मिल' पण ॲपल या बीटल्सच्याच कंपनीतल्या भांडणांवरचं आहे, आणि मला विचाराल तर बीटल्स फुटण्यावरचं सगळ्यात समजूतदार गाणं तेच, तीन मिनिटांच्या आत संपतं आणि कोणावर आरडाओरडा नाही.

म्हणून 'शांत बीटल अचानक फुलला' ही जी कथा दर लेखात वाचायला मिळते ती मला पटत नाही. अचानक काही झालं नाही, माणूस चार वर्षं रांगेत उभा होता आणि खिडकी आत्ता उघडली. सगळी गाणी जुनी नाहीत अर्थात, 'बिवेअर ऑफ डार्कनेस', 'ॲपल स्क्रफ्स', 'फ्रँकी क्रिस्प' ही ताजी, १९७० ची.

बॉब डिलनचा काय संबंध?

मोठा संबंध. १९६८ च्या शेवटी हॅरिसन वुडस्टॉकला डिलनकडे जाऊन राहिला, तिथे दोघांनी मिळून 'आय'ड हॅव यू एनीटाइम' लिहिलं, अल्बमची सुरुवात त्यानेच होते. तीन एलपींचा भलामोठा सेट आणि पहिलं गाणं इतकं हळू, लाजरं, दार हळूच ढकलून आत आल्यासारखं. 'इफ नॉट फॉर यू' हे डिलनचंच गाणं, आणि 'बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर' हे डिलनसाठी लिहिलेलं, १९६९ मध्ये तो आइल ऑफ वाइटला इतक्या दिवसांनी स्टेजवर यायला बिचकत होता त्या वेळचं. त्यात नॅशव्हिलहून आलेल्या पीट ड्रेकची पेडल स्टील गिटार आहे. हे गाणं फार कमी जणांच्या आवडत्या यादीत असतं, माझ्या आहे.

वाजवलंय कोणी कोणी?

यादी द्यायला बसलो तर रात्र होईल. गिटारवर एरिक क्लॅप्टन, बीटल्सचा ड्रमर रिंगो, बासवर क्लाउस फूरमान, कीबोर्डवर बिली प्रेस्टन, गॅरी राइट आणि बॉबी व्हिटलॉक, ड्रम्सवर जिम गॉर्डन आणि ॲलन व्हाइट, ब्रास सेक्शनला बॉबी कीज आणि जिम प्राइस, ऑर्केस्ट्राची मांडणी जॉन बरमची, आणि बॅडफिंगर या बँडची पोरं एका रांगेत बसून अकूस्टिक गिटार वाजवतायत, कारण स्पेक्टरला एक गिटार कधी पुरायचीच नाही. कुठल्या गाण्यात नक्की कोण होतं याच्या नोंदी धड ठेवल्या गेल्या नाहीत त्यामुळं चाहत्यांची भांडणं अजून चालू आहेत. क्लॅप्टनचा डेरेक अँड द डॉमिनोज हा बँड याच सेशन्सच्या आसपास तयार झाला. त्याच काळात क्लॅप्टन हॅरिसनच्या बायकोच्या प्रेमात होता हेही सगळ्यांना माहितीये, त्यावर इथे चर्चा नको.

फिल स्पेक्टरने अल्बम बिघडवला की बनवला?

यावर पन्नास वर्षं वाद चाललाय आणि माझं मत ऐकून तो थांबणार नाही, तरी सांगतो.

स्पेक्टरची पद्धत म्हणजे स्टुडिओत माणसं कोंबायची, तीन-चार गिटार, दोन ड्रमर, दोनतीन कीबोर्ड सगळे एकत्र वाजवणार आणि त्यावर एकोचा थर. 'वॉल ऑफ साउंड' म्हणतात ती हीच. पहिल्या दिवसांत 'वा-वा' रेकॉर्ड झालं, वाजवताना सगळ्यांना मजा आली, पण प्लेबॅक ऐकल्यावर हॅरिसनला ते अजिबात आवडलं नाही, मग हळूहळू आवडायला लागलं, असं त्यानेच नंतर सांगितलंय. २००१ च्या रीइश्यूच्या वेळी तर त्याने लिहूनच टाकलं की एवढा एको आता नको वाटतो, गाण्यांना त्या भल्यामोठ्या आवाजातून सोडवावंसं वाटतं.

पण एक लक्षात घ्या, स्पेक्टर पूर्ण वेळ तिथे नव्हताच. त्याचं पिणं, मग स्टुडिओत पडून हात मोडला, आणि मग तो निघून गेला. ओव्हरडब्जचं, म्हणजे आधीच्या रेकॉर्डिंगवर नंतर आणखी वाजवून-गाऊन चढवायचं, बरंचसं काम हॅरिसनने एकट्याने इंजिनिअर्सना घेऊन निपटलं, त्यातच जुलैमध्ये त्याची आई वारली. ऑगस्टमध्ये स्पेक्टरने रफ मिक्सेस ऐकून गाण्यागणिक सूचना लिहिलेलं एक पत्र पाठवलं, आणि त्यात, गंमत बघा, तो हॅरिसनचा गाण्याचा आवाज पुढे आणायला सांगतोय. म्हणजे सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही, धुकं हॅरिसनलाही हवं होतं. गाणारा म्हणून त्याला स्वतःवर तेवढा भरवसा नव्हता असं मला वाटतं, आणि इतक्या लोकांच्या आड उभं राहणं सोपं जातं.

आणि 'इजन्ट इट अ पिटी' सात मिनिटं हळूहळू फुगत जातं तेव्हा तो थर नसता तर ते गाणं एवढं मोठं वाटलंच नसतं. उलट 'इफ नॉट फॉर यू'ला एवढ्या साजशृंगाराची गरज नव्हती. म्हणजे गाण्यागणिक उत्तर वेगळं. (स्पेक्टर पुढे खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला आणि २०२१ मध्ये कैदेत असतानाच मेला, तेही विचारतात लोक म्हणून लिहिलं.)

सतार कुठे ऐकू येते? मला सापडली नाही.

सापडणार नाही, नाहीच आहे. लोक हॅरिसन म्हटलं की सतार धरून बसतात. तो १९६६ च्या सप्टेंबरमध्ये पंडित रविशंकरांकडे शिकायला मुंबईला आला होता, ताजमध्ये उतरला, मिशी वाढवून आला तरी लोकांनी ओळखलंच. पण १९६८ पर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपण काही मोठे सतारिये होणार नाही, आणि तो गिटारकडे परत वळला. मग १९६९ च्या डिसेंबरमध्ये डिलेनी अँड बॉनी या जोडीच्या टूरमध्ये वाजवताना स्लाइड गिटारचा नाद लागला. 'माय स्वीट लॉर्ड'च्या सुरुवातीला ज्या दोन स्लाइड गिटार जोडीने सरकत येतात त्या नीट ऐका. स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, मध्ये कुठे खटका नाही, हे मींड ऐकलेल्या माणसाचं वाजवणं आहे, ब्लूजवाल्यांची स्लाइड अशी नसते. सतार सुटली पण रियाज वाया गेला नाही.

'माय स्वीट लॉर्ड'मध्ये खरंच 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' आहे का की मला भास झाला?

भास नाही, आहे! गाणं सुरू होतं तेव्हा मागचा कोरस 'हालेलुया' म्हणतोय, चर्चमधलं वाटावं असं, मग मधेच ते 'हरे कृष्ण'वर जातं आणि शेवटाकडे आपला शाळेत गुरुपौर्णिमेला म्हणतात तो अख्खा श्लोक, तस्मै श्रीगुरवे नमः पर्यंत. मिक्समध्ये मागे आहे म्हणून पहिल्यांदा निसटतो, हेडफोन लावा. कोरसला अल्बमवर नाव दिलंय 'जॉर्ज ओ'हारा-स्मिथ सिंगर्स', पण ते सिंगर्स म्हणजे बहुतेक सगळे आवाज स्वतः हॅरिसनचेच, एकावर एक चढवलेले.

हालेलुयावरून हरे कृष्णवर नेण्यामागे त्याची खोडी होती, ऐकणारे आपल्याच देवाचं गाणं म्हणून ताल धरतील आणि कळायच्या आत महामंत्र म्हणत असतील, हे त्याने स्वतः सांगितलंय. त्याआधी १९६९ मध्ये लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातल्या भक्तांचं 'हरे कृष्ण मंत्र' हे रेकॉर्ड त्याने प्रोड्यूस केलं होतं आणि ते ब्रिटनच्या चार्टवर १२ नंबरपर्यंत गेलं होतं, त्यामुळं असं चालतं हे त्याला ठाऊक होतं. पण तिथल्या लोकांसाठी हा धक्काच होता, रॉक रेडिओवर देवाचं नाव आणि तेही दोन धर्मांचं. सिंगल अमेरिकेत चार आठवडे नंबर वन, ब्रिटनमध्ये पाच. बीटल्स फुटल्यावर त्या चौघांपैकी कोणाचा पहिला नंबर वन सिंगल लागला असेल तर तो याचा.

आणि ती चाल चोरलेली होती, बरोबर?

कोर्टाने म्हटलंय हो, पण कसं ते ऐका. 'ही'ज सो फाइन' हे रॉनी मॅकने लिहिलेलं, द शिफॉन्सने गायलेलं १९६३ चं हिट. ब्राइट ट्यून्स या कंपनीने १९७१ मध्ये दावा लावला. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात न्यायाधीश रिचर्ड ओवेन यांनी निकाल दिला की हॅरिसनने मुद्दाम चोरी केलेली नाही पण ऐकलेली चाल मनात राहून नकळत उतरली, आणि नकळत असली तरी कायद्याने ती नक्कलच. ओवेन स्वतः ऑपेरा लिहिणारे संगीतकार होते, त्यामुळं निकालात सुरावटीचे तुकडे पाडून कुठला किती वेळा येतो तेही मांडलंय.

पुढचा भाग अजून भारी. सुरुवातीला हॅरिसनचा मॅनेजर असलेला ॲलन क्लाइन, ज्याने त्याच्या बाजूने तडजोडीची बोलणी केली होती, त्याने नंतर १९७८ मध्ये ब्राइट ट्यून्सच विकत घेतली! म्हणजे आधी आपल्या बाजूला बसलेला माणूस आता समोरच्या खुर्चीत. १९८१ मध्ये कोर्टाने हिशोब केला, गाण्याची कमाई २१,३३,३१६ डॉलर्स, त्यातला तीन चतुर्थांश भाग त्या चालीचा, म्हणजे १५,९९,९८७ डॉलर्स. पण क्लाइनने या सगळ्यात नफा कमवायचा नाही असं ठरवून कोर्टाने त्याला त्याने मोजलेले ५,८७,००० डॉलर्सच दिले, आणि बदल्यात 'ही'ज सो फाइन'चे हक्क हॅरिसनकडे. किरकोळ वाद ९० च्या दशकापर्यंत चालले. लेनन १९८० मध्ये म्हणाला होता की जॉर्ज हुशार आहे, त्याला कळलंच असणार. मला नाही वाटत. सुरुवातीचे तीन स्वर सारखे आहेत हे मान्य, लागोपाठ ऐकलं की कान टवकारतात, पण चोरायचंच तर कोणी सात वर्षं आधीचं एवढं गाजलेलं हिट उचलेल का?

आल्या आल्या समीक्षकांनी काय म्हटलं?

डोक्यावर घेतलं. मेलडी मेकरमध्ये रिचर्ड विल्यम्सने याची तुलना ग्रेटा गार्बोच्या पहिल्या बोलपटाशी केली, म्हणजे इतके दिवस गप्प असलेली बाई बोलली तसा हा बोलला. रोलिंग स्टोनमध्ये बेन गर्सनने याला रॉक अँड रोलचं 'वॉर अँड पीस' म्हटलं, कौतुकाने, पण त्यात जाडीवर टोमणा पण होताच थोडा. सगळेच खुश नव्हते, रॉबर्ट क्रिस्टगाऊने सरळ सी ग्रेड दिली. ग्रॅमीला अल्बम ऑफ द इयरचं नॉमिनेशन मिळालं आणि ते बक्षीस कॅरोल किंगच्या 'टॅपेस्ट्री'ला गेलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दोनच आठवड्यांनी लेननचा 'प्लास्टिक ओनो बँड' आला, त्याच्या प्रोड्यूसर्समध्येही हाच स्पेक्टर. तिकडे एक पियानो, एक गिटार, किंकाळ्या, आणि देवावर विश्वास नाही असं ठणकावून सांगणारं गाणं. इकडे वीस माणसं आणि नामस्मरण. समीक्षकांना पुढे पुढे लेननचा जास्त जवळचा वाटत गेला, दुकानात मात्र हॅरिसनचा तिप्पट जाडीचा डबा खपत होता.

ब्रिटनमध्ये नंबर वन होता की चार नंबर? दोन्ही वाचलंय.

दोन्ही बरोबर. १९७१ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोस्टाचा संप झाला, दुकानांचे आकडे टपालाने यायचे ते येईनात, त्यामुळं अधिकृत चार्टच काही आठवडे बनला नाही आणि याची नोंद चार नंबरवर अडकून राहिली. ३५ वर्षांनी, २००६ मध्ये, चार्ट कंपनीने चूक दुरुस्त केली आणि आठ आठवडे नंबर वन असं लिहिलं. तोवर हॅरिसनला जाऊन पाच वर्षं होत आली होती, २९ नोव्हेंबर २००१ ला तो गेला.

मग मधल्या काळात त्याचं नाव एवढं खाली का गेलं?

१९७१ मध्ये बांगलादेशसाठीची कॉन्सर्ट, १९७३ चा 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड' पण अमेरिकेत नंबर वन, तोवर सगळं ठीक. मग १९७४ च्या अमेरिका टूरमध्ये घसा बसलेला, त्यात प्रवचनं फार देतो अशी ओरड, आणि १९७६ चा तो निकाल. ज्यांनी १९७० मध्ये भक्तीचं कौतुक केलं त्यांनाच चार वर्षांत तिचा कंटाळा आला. माणूस बदलला नव्हता. फरक एवढाच की या अल्बममध्ये देवाच्या बाजूला पंक्चर झालेली मैत्री, डिलन, स्टुडिओबाहेर ताटकळणाऱ्या चाहत्या, जुना वाडा असं सगळं आहे, नंतरच्यांमध्ये उपदेशाचं प्रमाण वाढलं. हे त्याच्या चाहत्यांना आवडणार नाही पण तसं आहे.

कव्हरवरचे ते बुटके म्हणजे बाकीचे बीटल्स का?

फोटो बॅरी फाइनस्टीनचा, हॅरिसनच्या फ्रायर पार्क या घराच्या हिरवळीवर काढलेला, गमबूट घालून तो स्टुलावर बसलाय आणि आजूबाजूला बागेत ठेवतात तसल्या बुटक्यांच्या चार मूर्ती. चारच, म्हणून सगळ्यांनी तोच अर्थ लावला. ते घर एकोणिसाव्या शतकात फ्रँक क्रिस्प नावाच्या वकिलाने सजवलेलं, 'बॅलड ऑफ सर फ्रँकी क्रिस्प' त्याच्यावरच. २००१ च्या रीइश्यूमध्ये हॅरिसनने त्याच फोटोत रंग भरून मागे फ्लायओव्हर आणि धुरांडी उभी केली, बिल्डर लोकांनी काय करून ठेवलंय यावर टिप्पणी. हा विनोदी माणूस होता हे लोक विसरतात.

कुठली एडिशन ऐकू?

२०२१ मध्ये पन्नास वर्षांची आली, पॉल हिक्सने नव्याने मिक्स केलेली, मुलगा धनीच्या देखरेखीखाली. आवाज पुढे आलाय, शब्द कळतात, बास ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकत असाल तर हीच लावा. पण नंतर एकदा जुनं मिक्स ऐकाच, तो धूसरपणा काहींना आवडतो, मला तर 'वा-वा' जुन्यातलंच पटतं, नव्यात ते उगीच आंघोळ घातल्यासारखं झालंय. सगळ्यात मोठा खजिना म्हणजे २६ आणि २७ मे १९७० चे डेमो, दोन दिवसांत तीस गाणी, दुसऱ्या दिवशी एकटा गिटार घेऊन स्पेक्टरला ऐकवतोय. त्या सेटची एक अति महागडी लाकडी पेटी पण निघाली, त्यात बुटक्यांच्या छोट्या मूर्ती आणि रुद्राक्षाची माळ! माळ आपल्याकडे देवळाबाहेर मिळते, पेटी घेऊ नका.

तिसरी रेकॉर्ड ऐकलीच पाहिजे का?

नाही. 'ॲपल जॅम' म्हणजे मित्र जमून वाजवत बसलेत, 'आउट ऑफ द ब्लू' ११ मिनिटं चालतं. एकदा ऐका, क्लॅप्टनचे चाहते असाल तर दोनदा.

फिल कॉलिन्सचा किस्सा खरा आहे?

खरा, कॉलिन्सनेच सांगितलेला. हा ड्रमर जेनेसिस या बँडमध्ये जायच्या आधी, एकोणीस वर्षांचा असताना त्याला 'आर्ट ऑफ डाइंग'साठी काँगा (हाताने वाजवायचे ढोल) वाजवायला बोलावलं, घाबरून इतका जोरात वाजवत राहिला की हात सोलवटले, आणि अल्बम आल्यावर बघतो तर त्याचं नावच नाही आणि वाजवलेलंही वापरलेलं नाही. तीस वर्षांनी, रीइश्यूच्या वेळी, हॅरिसनने त्याला एक टेप पाठवली, हे बघ तुझं सापडलं म्हणून. टेपवर काँगा भयंकर बेताल, शेवटी हॅरिसनचा आवाज की अरे त्या काँगावाल्याला बाहेर काढा. कॉलिन्स बिचारा कानकोंडा झाला. नंतर कळलं की हॅरिसनने मुद्दाम एका वादकाला बोलावून वाईट वाजवून घेतलं होतं.